सहा डब्यांची वाटणी

दुकानात आलेल्या माणसाला मी आधी एकच विचारते, "घरात बसता कुठं?"

माणूस गोंधळतो. तो आलेला असतो होम थिएटर घ्यायला. त्याला वाटतं, बाई आता वॉट सांगेल, कंपनी सांगेल, चकचकीत खोका काढून पुढ्यात ठेवेल. आणि मी विचारते, पाठ कुठल्या भिंतीला असते, खिडकी कुठं, खाली फरशी का सारवण, वर पत्रे का स्लॅब, आणि घरात म्हातारं माणूस असेल तर त्याची बाज कुठं. एक गडी वैतागून म्हणाला, "मावशी, तुमी स्पीकर इकायलात का सोयरीक जुळवायलात?"

मी म्हणलं, "सोयरीक बिनचौकशीची बी चालून जाते बाबा, घरोघरी चाललीच हाय. स्पीकर न्हाई चालत."

पूर्णेला स्टेशनाकडून येणाऱ्या रस्त्यावर माझं दुकान आहे. शिक्षण चौथी. मालकांचा, म्हणजे आमच्या ह्यांचा, धंदा लाऊडस्पीकरचा. लग्नं, सप्ते, निवडणुका. ते झाडावर चढून भोंगा बांधायचे आणि मी खालून वायर सोडायची. मालक गेले, भोंगे राहिले. भोंग्यांना गंज चढायला लागला तेव्हा मी उठले आणि धंदा हातात घेतला. भोंग्यांनंतर भाड्याचा व्हिडिओ आला, मग सीडी, मग होम थिएटर. या अंकाच्या संपादकांनी कळवलं की तुमच्या कारकिर्दीविषयी लिहा. कारकीर्द राजे लोकांची असते, माझं दुकान आहे. त्यातली एक गोष्ट सांगते. ती आठवली की भाकरी थापता थापता मी एकटीच हसते आणि सून आत डोकावून बघते.

आधी डब्यांची ओळख करून देते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

एका सेटमध्ये सहा डबे. टीव्हीच्या खाली मधोमध असतो तो बोलतो. सिनेमातली माणसं जे बोलतात ते सगळं त्याच्यातून. त्याच्या दोन बाजूंचे दोन गाणं-बजावणं करतात. आणखी दोन माणसाच्या पाठीमागं लावायचे. ते चुगलखोर. पाऊस, पाखरं, मागून आलेलं घोडं, दारामागची पावलं, हे सगळं ते तुमच्या कानात येऊन सांगतात. सहावा वूफर. तो जमिनीवर बसतो आणि धक्के देतो. आमच्याकडं खपणाऱ्या सेटांमध्ये अक्कल सगळी या वूफरच्या पोटात असते. बाकी पाच नुसती तोंडं. वूफर काढला तर ती पाच तोंडं मुकी.

आता लोक काय करतात? पाचही तोंडं शोकेसमध्ये एका ओळीत मांडतात. मधे बाहुली, कडेला प्लास्टिकची फुलं. "पाच घेतलेत तर पाच दिसले पाहिजेत." पाहुणा येतो, पाच मोजतो, चहा पिऊन जातो. टीव्हीचंही तेच. तो बसल्यावर डोळ्यासमोर यावा असा लावायचा असतो. आमच्याकडं तो हार घातलेल्या आजोबा-पणजोबांच्या ओळीत, पार छताखाली लावतात. पोरं मान वर करून कार्टून बघतात आणि पणजोबा खाली बघतात. मी ओरडून ओरडून थकले.

आणखी एक सांगून टाकते. आवाज बरोबर लागला का हे बघायला मी सिनेमाची पहिली दहा मिनिटं लावते. आवाज लागला की सिनेमा बंद आणि मी पुढच्या घरी. जन्मभर असंच. किती सिनेमे मी सुरू करून दिले, पण शेवट एकाचाही माहीत नव्हता.

तर गोष्ट गयाबाईंची. पिंगळीच्या पलीकडं त्यांचं गाव. दोन लेक, थोरला ज्ञानोबा, धाकटा मारोती. दोघांच्या बायका, पोरं, सगळं एकत्र. गयाबाईंचे कान थकलेले, पण टीव्हीचा नाद दांडगा. त्यातही रडारड नको. घोडी पळाली पाहिजेत. सिनेमात घोडी असली की म्हातारी जेवण विसरायची. आईला ऐकू यावं म्हणून दोघा भावांनी मिळून संक्रांतीच्या आसपास माझ्याकडून सेट नेला, आणि तो लावून द्यायला मी गेले.

नवं स्लॅबचं घर. पुढं बैठकीची लांबलचक खोली. निम्म्या खोलीत टीव्ही, शोकेस, गयाबाईंची बाज. मागच्या निम्म्या खोलीत कापूस. भाव येईपर्यंत ठेवायचा म्हणून छताला टेकेल एवढा ढीग. मी म्हणलं, दोन स्पीकर मागं लावायचेत.

ज्ञानोबा म्हणाला, "मागं कापूस हाय मावशी. कापसाला काय ऐकवायचंय?"

"कापूस गेल्यावर लावा."

"लावू की."

पाचही शोकेसमध्ये गेले. मी माझा नेहमीचा सिनेमा लावला, आणि काय सांगू! ओळीत मांडलेले असूनही आवाज असा गोड लागला की हे डबे माझ्याच दुकानातले ना, अशी मला शंका आली. माणसं बोलत होती ती शेजारी बसून बोलल्यासारखी. गयाबाईंनी चपला काढून दोन्ही पाय वूफरवर ठेवले, घोडी सुटली, आणि म्हातारी ओरडली, "माय माय माय! पायाला ऐकू यायलंय!"

मी खुशीत घरी आले. आवाज इतका कसा लागला याचा विचार केला नाही. चांगलं झालेलं काम कोण उकरून बघतं?

उन्हाळ्यात एक दिवस दुपारी गयाबाई दुकानाच्या पायरीवर उभ्या. डोक्यावर भलं मोठं बोचकं. पिंगळीहून पॅसेंजरनं आलेल्या. गाडीत कुणीतरी विचारलं म्हणे, "आजी, पेटी वाजवायला निघालात का?" यांनी सांगितलं, "वाजवायला न्हाई, भांडायला."

बोचकं त्यांनी माझ्या काउंटरवर आदळलं आणि सोडलं. आत वूफर.

"ओळख."

"काय ओळखू?"

"ह्यो तुझाच हाय का बदललेला हाय, सांग."

मी वूफर उलटा केला. विकताना प्रत्येक डब्याच्या बुडाला मी हळदीकुंकवाचं बोट लावते. मालकांची सवय, मी चालू ठेवली. बुडाला कुंकू होतं, माझ्याच बोटाचं. "माझाच हाय. कोण म्हणतंय बदललाय?"

मग त्यांनी बसून, पाणी पिऊन, सगळं सांगितलं. ज्ञानोबा टेम्पोत कापूस भरून परभणीला गेला. विकून संध्याकाळी घरी आला. सगळे टीव्हीसमोर बसले आणि आवाज बिघडलेला. माणसांचं बोलणं कळेना, नुसता गलका. घोडी पळाली ती विहिरीत पळाल्यासारखी. मारोती म्हणाला, काल बरा होता, तू परभणीला गेलास आणि आजच कसा बिघडला? टेम्पोत कापसाखाली काय नेलंस? चांगला डबा तिकडं काढला आणि हलका आणून ठेवलास. ज्ञानोबा उसळला. माझ्यावर चोरीचा आळ? तुझी पोरं उड्या मारतात डब्यावर, त्यांनी घालवला. एकाचं दोन, दोनाचं चार. डब्यावरून निघालेली गोष्ट पाच-सात वर्षांमागच्या बैलापर्यंत गेली. शेवटी गावातले चार जण बसवले आणि वाटणी ठरली. बैठकीच्या खोलीत मधोमध चुन्याची रेघ ओढली. रेघेवर भिंत घालायची. इटा येऊन पडल्या.

"आन् डबे?" मी विचारलं.

"तीन त्याला, तीन याला."

पंचांनी सहा डबे बघितले आणि तीन-तीन केले. न्यायात खोट नाही. थोरल्याला शोकेसमधले तीन आणि टीव्ही, कारण टीव्ही त्याच्या सासऱ्यानं दिलेला. धाकट्याला दोन लहान आणि वूफर. म्हणजे एकाला गाडी दिली आणि दुसऱ्याला चाकं! थोरल्याची तोंडं मुकी, धाकट्याच्या अकलेला दाखवायला टीव्ही नाही. दोन्हीकडचे डबे गप्प. मला इतकं हसू आलं की मी खुर्ची धरली.

गयाबाई हसल्या नाहीत. "तुला हसाया येतंय. भिंत झाली की माझी बाज कुणीकडं?"

मी हसायची थांबले.

"उद्या गवंडी यायलाय," त्या म्हणाल्या. "तुझ्या डब्यानं घर फोडलं. तू चल, अन् सांग त्या दोघांना."

"घर डब्यानं फुटत न्हाई, आक्का. तडा आधीचाच असतोय."

"तडा असू दे. भिंत नगं."

खरं सांगते, मी दया येऊन गेले नाही. पूर्णेच्या बाईचे डबे बिघडतात आणि त्यानं भाऊ-भाऊ वेगळे होतात, हे गावोगाव झालं असतं तर माझं दुकान बसलं असतं. म्हातारीला त्या दिवशी माझ्याकडंच ठेवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं दोघी निघालो, बोचकं मधे घेऊन.

अंगणात इटांचा ढीग. त्यावर गवंडी तंबाखू मळत बसलेला. मला बघून म्हणाला, "या. मी बसूनच हाय. रेघेच्या अलीकडून बांधायची का पलीकडून, यावर सकाळपासून चाललंय."

आत ज्ञानोबा एका बाजूला, मारोती दुसऱ्या बाजूला, मधे चुना. मी वूफर उलटा करून कुंकू दाखवलं. मारोती म्हणाला, "कुंकू काय, कुणीबी लावंल." मी म्हणलं, "बरं, मंग वाजवून बघू." पण वाजवायचं तर सगळं एकत्र जोडायला पाहिजे, आणि ज्ञानोबा उठून उभा राहिला.

"त्याची वायर माझ्या हद्दीत यायची न्हाई."

"आन् माझा वूफर त्याच्या हद्दीत जायचा न्हाई," मारोती म्हणाला.

बांधावरून भांडतात तसे एका वायरीवरून भांडायला लागले. तेवढ्यात गयाबाईंनी वूफर उचलला, चुन्याच्या रेघेवर बरोबर मधोमध ठेवला आणि त्याच्या शेजारी रेघेवरच फतकल मारली. "रेघ कुणाच्या वाट्याला आली? कुणाच्याच न्हाई. मंग रेघ माझी. आता जोड गं."

पंचांना हे सुचलं नव्हतं. रेघेची वाटणी राहूनच गेली होती.

मी जोडायला लागले. थोरल्याचे तीन समोर शोकेसमध्ये होतेच. धाकट्यानं आपले दोन कुठं ठेवले बघायला वळले, तर मागच्या भिंतीवर, आपल्या बाजेच्या वर, दोन खिळ्यांना लटकवलेले. त्याच्याकडं शोकेस नव्हती ना! मी बघतच राहिले. तीन समोर, दोन पाठीमागं, वूफर खाली, आणि माणूस मधोमध. जे मी घरोघर बोंबलून सांगत होते ते भांडणानं फुकटात करून ठेवलं होतं. या भागात इतका बरोबर लागलेला सेट मी दुसरा बघितला नाही.

मोठ्या ऐटीत मी सिनेमा लावला.

आवाज घाण. गलका. घोडी विहिरीत.

मारोती टाळी वाजवून म्हणाला, "बगा! मी काय म्हणलो? बदललाय!"

मी वायरी काढल्या, पुसल्या, पुन्हा लावल्या. आवाज कमी केला, जास्त केला. काहीच फरक नाही. ज्ञानोबाचं तोंड पांढरं पडलेलं, आणि माझंही पडलं असावं. बाहेरून गवंडी ओरडला, "भिजवू का इटा?"

तेवढ्यात आतल्या दारातून थोरली सून म्हणाली, "मावशी, डब्याचंच न्हाई वो. कापूस गेल्यापासून खोलीत भांडं पडलं तरी डोकं उठायलंय."

मी तिच्याकडं बघितलं. मग एक टाळी वाजवली. एका टाळीच्या चार टाळ्या होऊन परत आल्या, आडात वाकून हाक मारल्यासारख्या.

"अगं माझे बाई," मी म्हणलं, "कापूस!"

कुणाला काही कळलं नाही. मग मी सांगितलं. कापूस आवाज खातो. गुळगुळीत फरशी, रंग दिलेल्या भिंती, वरचा स्लॅब, हे काहीच खात नाहीत. जे येईल ते परत फेकतात. सिनेमातलं माणूस एकदा बोलतं आणि भिंती चारदा बोलतात. तरण्या कानांना त्यातून निवडून घेता येतं, म्हाताऱ्या कानांना येत नाही. जुन्या माळवदाच्या घरात आवाज छान लागतो तो मातीमुळं, पण ज्यानं स्लॅब टाकलाय त्याला हे सांगितलं की राग येतो. तुमच्या खोलीत संक्रांतीला छतापर्यंत कापूस होता. आवाज गोड होता तो कापसाचा. ज्ञानोबानं परभणीला डबा नेला नाही, कापूस नेला. आणि कापसाबरोबर आवाज गेला.

मारोती म्हणाला, "असं कुठं असतंय का?"

"गोधड्या काढा."

धाकट्या सुनेनं विचारलं, "कुणाच्या? आमच्या का त्यांच्या?"

"सगळ्यांच्या! दोन्हीकडच्या! गावाच्या बी आणा!"

मग जी धांदल उडाली ती बघण्यासारखी होती. पेट्या उघडल्या. दोन्ही सुनांनी गोधड्या, रग, वाकळा, सतरंज्या ओढून आणल्या. शेजारणी दारात जमल्याच होत्या, त्याही पळाल्या आणि आपापल्या घेऊन आल्या. भिंतीला खिळे नव्हते तर गवंड्यानं ठोकून दिले. "मला काय, हजेरी पडल्याशी मतलब." चारी भिंतींना गोधड्या, खाली सतरंज्या, चुन्याची रेघही त्याखाली झाकली. कुणाच्या तरी गोधडीतून वाळायला टाकलेल्या मिरच्या पडल्या आणि सगळे शिंकायला लागले. बैठकीची खोली गोधड्यांचं दुकान झाली. निम्मी गल्ली आत येऊन बसली.

मी सिनेमा परत सुरू केला.

पहिल्यांदा एक बाई बोलली. प्रत्येक शब्द वेगळा, स्वच्छ. गयाबाईंनी लगेच तिला उत्तर दिलं. मग पाऊस, आणि तो पाठीमागं पडायला लागला. दोन बायका वळून अंगणात बघायला लागल्या, कपडे भिजतील म्हणून. मग घोडी सुटली. समोरून, थोरल्याच्या शोकेसमधून निघाली, डोक्यावरून गेली आणि मागच्या भिंतीत, मारोतीच्या बाजेवर पोचली. मारोती उडी मारून बाजूला झाला. "अयायाया! घोडं माझ्याकडं आलं!"

"माझ्याकडून गेलं ते," ज्ञानोबा म्हणाला.

पुन्हा एक घोडं. पुन्हा समोरून मागं. आणखी एक. ज्ञानोबाच्या कपाळाला आठ्या. "मावशी, दरवेळी घोडं त्याच्याकडंच कामून जायलंय?"

"परत बी येतंय की, दम धरा."

"आलेलं न्हाई अजून."

आणि मग खरंच मागून निघालं, टापा वाजवत पुढं आलं, तेव्हा ज्ञानोबानं मांडीवर थाप मारली. "आलं! आलं बगा माझं!" सगळी खोली हसून लोळायला लागली. मीही. डोळ्यातून पाणी येईपर्यंत. गयाबाईंचे पाय वूफरवर, तोंडात पदर, आणि म्हातारी नाचवल्यासारखी हलत होती.

दहा मिनिटं झाली. सवयीनं मी उठले, पिशवी उचलली. गयाबाईंनी माझा पदर धरला. "बस. शेवट बघून जा. घाई कशाची हाय?"

बसले. आयुष्यात पहिल्यांदा एक सिनेमा पुरता बघितला. शेवटी सगळे दुरावलेले एकमेकांच्या गळ्यात पडतात आणि रडतात. मी म्हणलं, एवढ्यासाठी लोक तीन तास बसतात? पहिली दहा मिनिटंच बरी होती.

आमच्याकडं कुणी कुणाच्या गळ्यात पडलं नाही. सिनेमा संपल्यावर मारोती भावाकडं न बघता म्हणाला, "डबा त्योच हाय." ज्ञानोबा म्हणाला, "हं." झालं, एवढंच. गवंडी दारात येऊन म्हणाला, "मंग भिंत?"

मी म्हणलं, "घाला की. पण भिंत घातली तर घोडी भिंतीला धडकून मरतील. मागं पोचायची न्हाईत आन् परत यायची न्हाईत. मग मला बोलवायचं न्हाई."

दोघं भाऊ रेघ झाकलेल्या सतरंजीकडं बघत राहिले. मारोती म्हणाला, "आज राहू दे." ज्ञानोबा म्हणाला, "पाऊसकाळ झाल्यावर बगू." गवंड्यानं त्या इटांची बैलांना गव्हाण बांधली आणि हजेरी घेऊन गेला.

वाटणी व्हायची ती झालीच. रानं वेगळी झाली, चुली दोन झाल्या. माणसं सुधारतात असं मी कधी म्हणत नाही. पण त्या खोलीत भिंत अजून नाही आणि गयाबाईंची बाज बरोबर मधोमध आहे. कापूस आला की गोधड्या पेटीत जातात, कापूस गेला की भिंतीवर येतात.

आता माझा धंदा उतरणीला लागलाय. लोक टीव्हीखाली एक लांब दांडा ठेवतात आणि त्याच्यात पाचही आवाज आहेत म्हणतात. असेल. त्यात काही मागं लावायचं नसतं म्हणून कुणाला खोली कशी आहे हे विचारायची गरज नाही, आणि मला तेवढंच वाईट वाटतं. लोकांची घरं आतून बघायला मिळायची.

मधे गयाबाईंचा निरोप आला म्हणून जाऊन आले. मला वाटलं वूफर बिघडला. बिघडलेला नव्हता. वूफरचा प्लग धाकट्याच्या मीटरवर आहे. भावाशी वाजलं की मारोती प्लग काढून ठेवतो. मी पोचले तेव्हा प्लग काढलेलाच होता, समोर टीव्हीत नुसत्या टीव्हीच्या बारक्या आवाजात घोडी पळत होती, आणि गयाबाई बाजेवर बसून जमिनीवर काठी आपटत होत्या. धप्प, धप्प, धप्प. घोड्यांच्या बरोबर तालात, त्यात चूक नाही.

मी म्हणलं, "आक्का, थांबा, मी मारोतीला प्लग लावायला सांगते."

"मागनं सांग," म्हातारी म्हणाली. "आदी ही घोडी पोचवू दे."